प्रकाशाचे परीक्षक : प्रो. कावसजी दादाभाई नायगमवाला

विद्यार्थिमित्रहो, महापे गांवाजवळच्या पारसिक डोंगरांतील काळा दगड आपणांस हातांत घेतां येतो, फोडून तपासतां येतो. पण आकाशांत अब्जावधि मैल दूर असलेला पदार्थ कशाचा बनला आहे, हें कसें ओळखावें? त्याचा प्रकाश लोलकांतून नेला म्हणजे जो वर्णपट पडतो, तोच त्या पदार्थाची ओळख सांगतो. महाराष्ट्रांत हें शास्त्र रुजविण्यासाठीं ज्यांनीं आयुष्य वेंचलें, ते प्रो. नायगमवाला होत.

त्यांचा जन्म १८५७ सालीं पारशी कुटुंबांत झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांतून ते १८७८ सालीं एम्. ए. झाले व पुढें तेथेंच शिकवूं लागले. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनीं वर्णपटाच्या अभ्यासासाठीं पांच हजार रुपये दिले. मुंबई सरकारनें तितकीच भर घातली. १८८५ सालीं नायगमवाला पुण्याच्या सायन्स कॉलेजांत आले, आणि १८८८ सालीं तेथें महाराजांच्या नांवाची वेधशाळा उभी राहिली. तिची वीस इंची आरशाची दुर्बीण त्या काळीं भारतांत सर्वांत मोठी होती.

त्या वेळीं सर नॉर्मन लॉकियर यांचा शास्त्रज्ञांत मोठा दबदबा होता. तेजोमेघ म्हणजे उल्कांचे थवे असून त्यांच्या वर्णपटांतील हिरवी रेषा मॅग्नेशियमची होय, असें त्यांचें मत होतें. तसें असतें तर ती रेषा एका बाजूस पसरट दिसावयास हवी होती. नायगमवाला यांनीं मृग नक्षत्रांतील तेजोमेघ वारंवार पाहिला. रेषा प्रत्येक वेळीं बारीक व रेखीवच दिसली. समोर कोण आहे याची भीड न धरतां त्यांनीं १८९१ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. ती रेषा विद्युद्भारित प्राणवायूची आहे, हें १९२७ सालीं उलगडलें.

२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणांत त्यांनीं सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें तळ देऊन सूर्याच्या वातावरणाचे वर्णपट टिपले. १९१२ सालीं ते निवृत्त झाले आणि त्यांच्यामागें वेधशाळाहि बंद झाली. यंत्रें कोडाईकनालला गेलीं. १९३८ सालीं त्यांचें निधन झालें.

वेधशाळा मिटली, पण ती विद्या वाढली. लघुग्रहांना स्वतःचा प्रकाश नसतो. त्यांवरून परतलेला सूर्यप्रकाश तपासून शास्त्रज्ञांनीं १९७५ सालीं त्यांचे वर्ग पाडले. जे अतिशय काळसर, शेंकडा थोडाच प्रकाश परतविणारे, ते कार्बनयुक्त ठरले. पुढें जपानी यानानें २०२० सालीं अशाच र्‍युगू नांवाच्या लघुग्रहाची माती पृथ्वीवर आणली, तेव्हां तींत कार्बन खरोखरच सांपडला.

मुलांनो, मोठ्यांचा मान अवश्य राखावा. परंतु डोळ्यांनीं नीट पाहिलेलें सत्य कोणाच्याहि मोठेपणासाठीं झांकूं नये.