वंशाचा हिशेब मांडणारे शास्त्रज्ञ : प्रा. हॉल्डेन



धडधाकट आईबापांच्या पोटी आलेले मूल पांढरेफटक पडू लागते आणि वर्ष-दोन वर्षांच्या आतच त्याला बाहेरून रक्त द्यावे लागते. हा थॅलेसेमिया. अशा वेळी घरात दोष शोधला जातो आणि तो बहुधा आईच्या माथी मारला जातो. अशा आनुवंशिक आजारांमागे कोणाचे पाप नसून गणित असते. ते गणित मांडण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, त्या प्रा. जे. बी. एस. हॉल्डेन यांची ओळख आपण करून घेऊ.

हॉल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे झाला. वडील श्वसनक्रियेचे नामवंत संशोधक होते. खाणीतील विषारी वायूंचा अभ्यास करताना ते लहानग्या मुलाला सोबत नेत. पुढे बहीण नेओमी हिच्यासह हॉल्डेननी घरीच गिनीपिग पाळून आनुवंशिकतेचे प्रयोग केले. विद्यार्थी मित्रांनो, एक गोष्ट ध्यानात घ्या. त्यांनी विद्यापीठात गणित आणि प्राचीन ग्रीक-लॅटिन वाङ्मय यांचा अभ्यास केला. विज्ञानाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. पहिल्या महायुद्धात ते लढले, जखमी झाले आणि परत आल्यावर ऑक्सफर्ड, केंब्रिज व लंडन येथे त्यांनी अध्यापन केले.

त्यांच्या कार्याचा पाया १९०८ साली घातला गेला होता. इंग्रज गणिती हार्डी आणि जर्मन डॉक्टर वाइनबर्ग यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की, बाहेरून काही ढवळाढवळ झाली नाही तर समाजातील जनुकांचे प्रमाण पिढ्यान् पिढ्या तेच राहते. मूल आजारी होण्यासाठी आई व वडील दोघांकडूनही सदोष जनुक यावे लागते, असा एखादा आजार घ्या. तो दहा हजारांत एका मुलाला होत असेल, तर त्या जनुकाचे प्रमाण शंभरात एक असते. कारण शंभरास शंभराने गुणले की दहा हजार होतात. मग एकच सदोष जनुक बाळगणारे, स्वतः निरोगी असलेले वाहक किती? जवळजवळ पन्नासांत एक! रोगी दिसतो, वाहक दिसत नाही. परंतु हिशेबाने तो सापडतो.

हे प्रमाण बदलते तेव्हा किती वेगाने बदलते, हा हॉल्डेन यांचा प्रश्न होता. मँचेस्टर भागात १८४८ साली काळ्या रंगाचा एक पतंग आढळला. धुराने झाडे काळवंडत गेली आणि शतक संपेपर्यंत तेथील बहुतेक पतंग काळे झाले. यासाठी काळ्या पतंगांची टिकून राहणारी संतती सुमारे दीडपट असली पाहिजे, असे हॉल्डेननी १९२४ साली गणिताने काढले. उत्क्रांती अशी मोजता येते, हे त्यांनी दाखविले.

१९४९ साली त्यांनी थॅलेसेमियाकडे लक्ष वळविले. इतका घातक आजार भूमध्य समुद्राभोवती एवढा पसरलेला का? त्यांनी तर्क मांडला की, वाहकांना मलेरियापासून संरक्षण मिळत असावे. १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत सिकलसेलच्या बाबतीत असेच घडते हे दाखविले. आपल्या नंदुरबार, गडचिरोलीकडील आदिवासी बांधवांत आढळणारा सिकलसेल तो हाच.

नात्यातील लग्नांचे गणितही त्यांनी तपासले. वरच्या उदाहरणातील दहा हजारांत एक हे प्रमाण सख्ख्या चुलत, मामे, आते किंवा मावस भावंडांच्या संततीत दहा हजारांत सुमारे सातवर जाते. बहुतेक मुले निरोगीच जन्मतात, हे खरे. पण धोका सातपट होतो, हेही तितकेच खरे. असे विवाह आपल्या समाजात होतात, तसे दक्षिणेतील अनेक हिंदू जातींतही होतात.

१९५७ साली हॉल्डेन भारतात आले. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत व नंतर भुवनेश्वर येथे त्यांनी काम केले. १९६१ साली ते भारताचे नागरिक झाले. त्यांचे विद्यार्थी द्रोणमराजू यांनी आंध्रातील नात्यातील विवाहांचा अभ्यास केला. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह काकिनाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयास देण्यात आला.

पालकहो, थॅलेसेमियाचा वाहक रक्ताच्या तपासणीत ओळखता येतो. पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक खेपेस मूल आजारी होण्याची शक्यता चारांत एक असते. एकच वाहक असेल, तर मुलास हा गंभीर आजार होत नाही. तेव्हा सोयरीक जुळविताना घराणे व शिक्षण पाहता, तशी मुलाची आणि मुलीची दोघांचीही रक्ततपासणी करून घ्या. वाहक असणे हा कलंक नव्हे. आणि ज्या घरी असे मूल जन्मले आहे, तेथे सुनेला बोल लावू नका. आजाराचा अर्धा वाटा बापाकडूनही आलेला असतो.