धाडसी वैमानिक ॲमी जॉन्सन

बालमित्रांनो, जगाच्या नकाशावर लंडन शोधा. मग बोट उजवीकडे खाली आणत ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरावर ठेवा. मध्ये आपला भारत लागला ना? एवढ्या लांब एकटीनं विमान नेणारी पहिली स्त्री म्हणजे ॲमी जॉन्सन.

तिचा जन्म १ जुलै १९०३ रोजी इंग्लंडमधील हल या बंदराच्या गावी झाला. वडील मासळीचे व्यापारी होते. शिक्षण झाल्यावर ती लंडनला एका वकिलाच्या कचेरीत टायपिंग करू लागली. नोकरी सांभाळून ती विमान चालवायला शिकली. नुसतं चालवायलाच नाही, तर इंजिन दुरुस्त करायलाही शिकली.

वडिलांच्या मदतीनं तिने एक जुनं छोटं विमान घेतलं. त्याचं नाव जेसन. बसायच्या जागेला छप्पर नव्हतं. ऊन, वारा, पाऊस सगळं अंगावर! तोपर्यंत ती लांबात लांब लंडनहून हलपर्यंतच गेली होती.

५ मे १९३० रोजी ती लंडनजवळच्या क्रॉयडनहून निघाली. बगदादच्या वाटेवर वाळूचं वादळ आलं. समोरचं काही दिसेना, म्हणून ती वाळवंटातच उतरली. वादळ थांबल्यावर पुन्हा निघाली. सहाव्या दिवशी ती कराचीला पोचली. पुढे पेट्रोल कमी पडलं, म्हणून झाशीला लष्कराच्या मैदानावर उतरली. मग कलकत्ता आणि रंगून. रंगूनजवळ उतरताना विमान चरात गेलं आणि पुढचा पंखा मोडला. तिने जास्तीचा पंखा बरोबर घेतलेला होता. तिथल्या तंत्रशाळेच्या मुलांनी दुरुस्तीला मदत केली. जावा बेटावर बांबूंनी पंखांना भोकं पडली, तर तिने जखमेवरची चिकटपट्टी लावली! २४ मे रोजी, विसाव्या दिवशी, ती डार्विनला पोचली.

बर्ट हिंकलर यांनी १९२८ साली हा प्रवास साडेपंधरा दिवसांत केला होता. तो विक्रम तिला मोडायचा होता. दुरुस्तीत दिवस गेले आणि ते राहून गेलं. पण तिने प्रवास अर्धा सोडला नाही.

आता जरा गणित करू. तिचा रस्ता सुमारे ११,००० मैलांचा, म्हणजे साधारण १७,७०० किलोमीटर होता. त्याला वीस दिवसांनी भागा. रोजचे जवळजवळ ९०० किलोमीटर येतात. आजचं मोठं जेट विमान तासाला साधारण ९०० किलोमीटर जातं. म्हणजे तिचा एक दिवस तो आजचा एक तास! अंतर तेवढंच आहे, वेळ मात्र कमी झाला.

पुढे दुसऱ्या महायुद्धात ती सरकारी विमानं एका तळावरून दुसऱ्या तळावर पोचवायचं काम करी. ५ जानेवारी १९४१ रोजी असंच एक विमान नेताना ती थेम्स नदीच्या मुखाशी पाण्यात पडून मरण पावली. तेव्हा ती फक्त ३७ वर्षांची होती. तिचा देह सापडला नाही. तिचं जेसन विमान मात्र लंडनच्या विज्ञान संग्रहालयात जपून ठेवलं आहे.

पालकहो, ॲमीला विमान घ्यायला तिच्या वडिलांनी मदत केली होती, हे तुम्हीही ध्यानात ठेवा बरं का!

— इयत्ता ४ थी