शिंपल्यातला गुलाबी धागा

समुद्रशैवाल ओळखायचं ते आकारावरून, ही वनस्पतिशास्त्रातली जुनी रीत. पसरट पान आहे की फांद्या, फांद्या एकाआड एक आहेत की टोकाशी दुभंगलेल्या, हे पाहून नाव द्यायचं. लाल शैवालांनी मात्र या रीतीला मोठा चकवा दिला. तो उलगडला केथलीन ड्र्यू-बेकर यांनी.

त्यांचा जन्म 1901 मध्ये इंग्लंडच्या लँकशायर परगण्यातला. 1922 मध्ये मँचेस्टर विद्यापीठाची वनस्पतिशास्त्राची पदवी त्यांनी पहिल्या वर्गात मिळवली आणि तिथेच शिकवू लागल्या. 1928 मध्ये लग्न झालं आणि नोकरी गेली, कारण विवाहित बाईला अध्यापनाची जागा द्यायची नाही, असा विद्यापीठाचा नियम होता. (पुरुषांना तो नव्हता, हे सांगायला नकोच.) प्रयोगशाळा मात्र त्यांनी सोडली नाही. मानद संशोधक म्हणून काम चालूच ठेवलं.

विषय होता पॉर्फायरा, म्हणजे सुशीभोवती गुंडाळतात त्या जपानी नोरीचं ब्रिटिश भावंड. जेमतेम एका पेशीच्या जाडीचं, जांभळट, बिनफांद्यांचं पान. (आयोडीनची धास्ती असलेल्यांसाठी: कोम्बूसारख्या तपकिरी शैवालांपेक्षा नोरीत ते बरंच कमी असतं.) जपानी शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या उथळ खाडीत बांबू रोवून नोरीची वाट पाहत. उन्हाळ्यात ती नाहीशी होई, थंडीच्या तोंडाशी पुन्हा उगवे. बी कुठून येतं, कुणालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या महायुद्धानंतर पीक बुडालं, तेव्हा पेरायला हातात काहीच नव्हतं.

ड्र्यू-बेकर यांनी पॉर्फायराचे बिजाणू शिंपल्यांवर वाढवले. पान उगवलंच नाही. शिंपल्याच्या आत शिरले ते सूक्ष्म, फांद्या फुटलेले गुलाबी धागे. हे धागे शास्त्रज्ञांना आधीपासून माहीत होते, पण ‘कॉन्कोसेलिस’ नावाची वेगळीच जात म्हणून! रूपात इतका फरक, की दोन्ही एकाच जीवाच्या अवस्था असतील अशी शंका कुणाला आली नव्हती. 1949 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हे छापून आलं.

जपानी संशोधकांनी नोरीतही तीच अवस्था शोधली. मग टाक्यांमध्ये कालवांच्या शिंपल्यांवर धागे वाढवायचे, त्यांचे बिजाणू जाळ्यांवर बसवायचे आणि जाळी समुद्रात लावायची, अशी नोरीची भरवशाची शेती उभी राहिली.

हा व्याप पुरता पाहायला ड्र्यू-बेकर राहिल्या नाहीत. 1957 मध्ये, 55व्या वर्षी त्या गेल्या. 1963 मध्ये कुमामोतोजवळच्या उतो इथे समुद्राकाठी त्यांचं स्मारक झालं. दरवर्षी 14 एप्रिलला नोरी पिकवणारे तिथे जमतात. ड्र्यू-बेकर स्वतः जपानला कधीच गेल्या नव्हत्या.