जेम्स प्रिन्सेप आणि दोन अक्षरांचें कोडें

दररोज एक गुप्त शब्द ओळखण्याच्या कोड्याचा छंद हल्लीं आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांस जडला आहे, व त्यांचे पालकही त्यांत मागें नाहींत. हें कोडें सोडवावें कसें, असें कोणीं विचारिल्यास आम्ही एका थोर पुरुषाच्या चरित्राकडे बोट दाखवूं.

जेम्स प्रिन्सेप यांचा जन्म इंग्लंडांत १७९९ सालीं झाला. दृष्टि अधू झाल्यामुळें त्यांस स्थापत्याचा अभ्यास सोडावा लागला. पुढें धातूंची पारख शिकून ते १८१९ सालीं कलकत्त्यास आले. काशीच्या टांकसाळींत त्यांनीं सुमारें दहा वर्षें काम केलें, व १८३२ सालीं ते एशियाटिक सोसायटीचे चिटणीस झाले.

दिल्ली व अलाहाबाद येथील शिलास्तंभांवर कोरलेली प्राचीन लिपि त्या काळीं कोणासही वाचतां येत नव्हती. प्रिन्सेपसाहेबांनीं घाईनें तर्क लढविले नाहींत. त्यांनीं प्रथम अक्षरें वेगळीं काढिलीं, त्यांस लागणाऱ्या स्वरचिन्हांचें कोष्टक केलें, आणि निरनिराळ्या स्तंभांवरील लेख ताडून पाहिले.

१८३७ सालीं सांचीच्या स्तूपावरील लहान लहान लेखांचे ठसे त्यांच्या हातीं आले. बहुतेक लेखांच्या शेवटीं तींच दोन अक्षरें होतीं. देवस्थानास वस्तु अर्पण करणारा मनुष्य तीवर आपलें नांव कोरवितो, हें त्यांस ठाऊक होतें. तेव्हां शेवटचा शब्द 'दानं' असावा व त्याआधींचा 'स' हा 'अमक्याचें' या अर्थाचा प्रत्यय असावा, असें त्यांनीं अनुमान केलें. तें इतर लेखांस लावून पाहतां जुळलें, आणि थोड्याच अवधींत सर्व लिपि उलगडली. आपल्या कार्ले व नाशिक येथील लेण्यांतील लेखही याच ब्राह्मी लिपींत आहेत.

स्तंभांवर देवांचा प्रिय म्हणविणाऱ्या पियदसि राजाचें नांव निघालें. हा सिंहलद्वीपाचा राजा असावा, असें प्रिन्सेपसाहेबांस प्रथम वाटलें. परंतु जॉर्ज टर्नर यांनीं पाली ग्रंथांच्या आधारें हा सम्राट् अशोकच होय, असें दाखवून देतांच त्यांनीं आपली चूक सोडून दिली. विसरलेला अशोक अशा रीतीनें पुन्हां प्रकाशांत आला.

मात्र अतिश्रमानें प्रिन्सेपसाहेबांची प्रकृति खचली. १८३८ सालीं ते स्वदेशीं परतले, व २२ एप्रिल १८४० रोजीं, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षीं, लंडन येथें निधन पावले. कलकत्त्यास गंगेच्या कांठीं प्रिन्सेप घाट आजही त्यांची आठवण देत उभा आहे.

विद्यार्थ्यांनो, उद्यांचें कोडें हातीं घ्याल तेव्हां इतकें ध्यानांत ठेवा: कोणतें अक्षर वारंवार येतें व कोणत्या जागीं येतें, तें पाहा, त्या जागीं कोणता शब्द स्वाभाविक शोभेल, याचा विचार करा, अनुमान दुसरीकडे लावून पडताळा, आणि तें खोटें ठरल्यास त्यास चिकटून बसूं नका. कोडें तर सुटेलच; परंतु या चार संवयी अंगीं बाणल्या, तर पुढें याहून मोठीं कोडींही तुमच्या हातून सुटतील, अशी आमची खात्री आहे.