कोलिन चॅपमन : पत्र्याला कणा देणारा माणूस

या लेखाचा नायक इंग्रज आहे, शर्यतीच्या मोटारी बांधणारा आहे. पण त्याची आणि माझी गाठ पडली ती आमच्या नेरडीगोंड्यातील एका जुन्या फियाटमुळे.

नेरडीगोंडा हे आदिलाबाद जिल्ह्यातील नागपूर-हैदराबाद महामार्गावरचे गाव. कुंतालाचा धबधबा पाहायला जाणारे लोक येथूनच आत वळतात. माझ्या काकांचे रस्त्याला लागून छोटेसे गॅरेज होते. एकदा एका गिऱ्हाइकाने वरातीसाठी जुन्या फियाटचे छप्पर कापून तिची उघडी ‘स्पोर्ट’ गाडी करवून घेतली. दिसायला मोठी झोकदार! पण नवरा-नवरी मागे बसली आणि दरवाजे अडकले. एक चाक दगडावर चढले की गाडी चक्क पिळवटायची. काकांनी मला दोन बांबू आणायला सांगितले, एक अखंड आणि एक उभा चिरलेला. अखंड बांबू मला काही केल्या पिळता येईना. चिरलेला मात्र ओल्या फडक्यासारखा वळला. मग त्यांनी दरवाज्यांखालच्या दोन्ही उंबरठ्यांत चौकोनी नळ्या बसवल्या, मध्ये आडवी पट्टी दिली, आणि गाडीला पुन्हा ताठपणा आला.

पुढे अभियांत्रिकीला ‘पीळ’ हे प्रकरण आले तेव्हा तो बांबू आठवला. आणि ग्रंथालयात चॅपमनविषयी वाचू लागलो तेव्हा वाटले, हा तर काकांचाच विलायती भाऊबंद!

अँथनी कोलिन ब्रूस चॅपमन यांचा जन्म 19 मे 1928 रोजी रिचमंड येथे झाला. वडील लंडनच्या हॉर्न्सी भागात रेल्वे हॉटेल चालवीत. कोलिनने लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिक्षण घेतले ते मोटारींचे नव्हे, तर इमारती-पुलांच्या संरचनाशास्त्राचे. त्याच काळात तो विमान चालवायलाही शिकला. या दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. मोटारवाले गाडीकडे इंजिनाच्या बाजूने पाहत. हा पूल आणि विमान यांच्या बाजूने पाहू लागला. (शेवटच्या परीक्षेत स्वारी गणितात अडकली आणि पदवी वर्षभर लांबली, हे आमच्या विद्यार्थी वाचकांच्या समाधानासाठी सांगून ठेवतो.)

शिकत असताना तो जुन्या मोटारींची खरेदी-विक्री करी. 1947 मध्ये इंग्लंडात खाजगी गाड्यांचे पेट्रोल बंद झाले, धंदा बसला आणि एक जुनी ऑस्टिन सेव्हन अंगावर पडली. तिचे जुने अंग काढून त्याने विमानाच्या पद्धतीने नवे चढवले : अ‍ॅल्युमिनियम चढवलेले प्लायवूड आणि मध्ये आडव्या भिंती. हे अंग केवळ झाकण नव्हते, खालच्या लवचीक सांगाड्याला ते पीळ पडू देत नसे. 1948 ची ही गाडी पहिली लोटस. 1952 मध्ये हेझल विल्यम्स या मैत्रिणीकडून पंचवीस पौंड उसने घेऊन त्याने कंपनी काढली. वडिलांच्या हॉटेलामागचा जुना तबेला हाच कारखाना, आणि हेझल पुढे त्याची पत्नी झाली.

आता थोडे शास्त्र. सांगाडा पिळला तर काय बिघडते, असे कोणी विचारील. चाके रस्त्याला नीट टेकून राहावीत म्हणून स्प्रिंगा काटेकोर हिशेबाने बसवलेल्या असतात. पण त्या ज्याला जोडल्या तो सांगाडाच वळू लागला, तर तोच एक बेहिशेबी स्प्रिंग बनतो आणि वळणावर गाडी काय करील याचा नेम राहत नाही. जाड पोलाद वापरले की ताठपणा येतो खरा, पण वजनही येते. पातळ पत्राच बंद पेटीच्या आकारात वळवला तर तो कितीतरी अधिक पीळ सोसतो. काडेपेटीचे आतले खोके नुसते पिळून पाहा, मग ते बाहेरच्या आवरणात सरकवून पाहा. चॅपमनचे सारे आयुष्य या काडेपेटीच्या मागे गेले असे म्हटले तरी चालेल.

1957 मध्ये लंडनच्या प्रदर्शनात त्याने एलीट ही छोटी बंद गाडी मांडली. तिचे सबंध कवच फायबरग्लासचे होते आणि वेगळा सांगाडा नव्हताच. इंजिन पेलण्यासाठी पुढे पोलादी चौकट आणि समोरच्या काचेभोवती पोलादी कमान, एवढाच काय तो धातूचा आधार. दरवाज्यांच्या बिजागऱ्याही त्या कमानीलाच. गाडी देखणी, शर्यतीत यशस्वी, आणि धंद्यात आतबट्ट्याची! हजाराच्या थोड्या वर गाड्या झाल्या आणि कंपनीला त्यांनी घाट्यात घातले.

नंतरची एलान (1962) उघडी होती, म्हणजे आमच्या वरातीच्या फियाटची जातभाई. छपराचा आधार नाही, तेव्हा फायबरग्लासवर विसंबता येईना. चॅपमनने वाकवलेल्या पत्र्याची एक लांब पेटी गाडीच्या मधोमध पाठीच्या कण्यासारखी घातली आणि तिला दोन्ही टोकांना फाटे दिले. पुढच्या फाट्यात इंजिन, मागच्यात चाकांचा आधार. काकांनी ताठपणा कडेला शोधला, याने मध्यभागी, तत्त्व एकच.

त्याच वर्षी शर्यतीसाठी लोटस 25 आली. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याच्या दोन पेट्या, त्यांत पेट्रोलच्या रबरी पिशव्या, आणि दोहोंच्या मध्ये जवळजवळ आडवा झोपलेला चालक. नळ्यांच्या जुन्या सांगाड्याहून ती हलकी आणि कितीतरी ताठ होती. तेवढ्यात नळ्यांची लोटस 24 इतर संघांना विकून झाली होती, आणि आपण घेतलेली गाडी जुनी ठरली हे त्यांना मैदानावर कळले. व्यापार म्हणून हे चालत असेल. मला ते रुचत नाही. 1963 मध्ये जिम क्लार्क या स्कॉटिश शेतकऱ्याने दहापैकी सात शर्यती जिंकून जगज्जेतेपद मिळवले, 1965 मध्ये पुन्हा.

इथवर कथा आनंदाची आहे. 7 एप्रिल 1968 रोजी होकेनहाइम येथे क्लार्क लोटसमध्येच मरण पावला. टायरमधील हवा गेली असावी असे मानतात, तेव्हा गाडीच्या बांधणीला दोष देता येत नाही. चॅपमन मात्र जिवलग मित्र गेल्याने पार कोलमडला. 5 सप्टेंबर 1970 रोजी मॉन्झा येथे योखेन रिंटचा अंत झाला. तिथे मात्र गाडीतील ब्रेकचा दांडा तुटला होता. लोटसच्या गाड्या वेगवान पण नाजूक, अशी तक्रार रिंट स्वतः करीत असे, तरी त्याने लोटस सोडली नाही. त्या वर्षीचे जगज्जेतेपद त्याला मृत्यूनंतर मिळाले.

या ठिकाणी मी बराच काळ अडखळलो. वजन काढता काढता कोठे थांबायचे? पुलाच्या हिशेबात आपण सुरक्षिततेसाठी भार दीडपट-दुप्पट धरतो. चॅपमनला ती वाढ म्हणजे उधळपट्टी वाटत असावी. त्याच्या बुद्धीपुढे मी नमतो. पण त्या गाडीत मला भावाला बसवायचे असते तर दांडा थोडा जाड करा असेच मी म्हटले असते. आमचे एक प्राध्यापक याच्या अगदी उलट मत मांडतात. त्यांच्या मते त्या काळी साऱ्याच गाड्या मारक होत्या आणि एकट्या चॅपमनला धारेवर धरणे अन्यायाचे आहे. त्यांचे म्हणणे पूर्णपणे खोडून काढणे मला जमलेले नाही.

उत्तरायुष्यातही त्याची कल्पकता आटली नाही. गाडीखालच्या हवेने गाडी जमिनीकडे खेचण्याची युक्ती त्याच्या संघाने साधली आणि 1978 मध्ये मारिओ आन्द्रेत्ती जगज्जेता झाला. चॅपमनच्या हयातीत लोटसने संघांचे अजिंक्यपद सात वेळा मिळवले. मग डीलोरियन मोटारीचे काम घेतले. तिलाही एलानसारखाच कण्याचा सांगाडा मिळाला, पण त्या व्यवहारातील पैशांच्या घोटाळ्यात लोटसचे नाव गुंतले. चौकशी पुरी होण्याआधीच, 16 डिसेंबर 1982 रोजी, वयाच्या 54 व्या वर्षी चॅपमन हृदयविकाराने गेला. त्याचा हिशेबनीस पुढे तुरुंगात गेला.

काकांना मी हे सारे सांगितले. त्यांनी एलानचे चित्र बराच वेळ निरखले आणि तो कणा आत गंजला तर बाहेरून कळणार कसा, एवढेच विचारले. जुन्या एलानचे मालक याच गोष्टीने हैराण असतात आणि पुष्कळांनी सबंध कणाच नवा घातला आहे, हे मला त्यानंतर वाचायला मिळाले.