स्वामिनी तुरीयसंगीतानंद

अमेरिकेतील डेट्रॉइट नगरीत, एका कृष्णवर्णीय कुटुंबात, दि. २७ ऑगस्ट १९३७ रोजी ॲलिस मॅक्लाउड यांचा जन्म झाला. मातोश्री चर्चच्या गायकवृंदात गात असत. कन्याही लहान वयातच तेथील उपासनेस पियानो व ऑर्गनची साथ करू लागली. पुढे जॅझ संगीतात नाव मिळवून १९६५ मध्ये त्या विख्यात सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्याशी विवाहबद्ध झाल्या. जॉन यांस भारतीय संगीताची विलक्षण ओढ. पंडित रविशंकरांविषयीच्या आदराने या दांपत्याने एका पुत्राचे नाव रवी ठेविले.

दि. १७ जुलै १९६७ रोजी जॉन यकृताच्या कर्करोगाने निवर्तले. वय अवघे चाळीस. पत्नीच्या पदरी चार लहान मुले. जॉन यांनी हार्प नावाचे, पुरुषभर उंचीचे तंतुवाद्य मागविले होते. ते घरी आले तेव्हा मागविणारा उरला नव्हता. ॲलिसबाईंची झोप उडाली, शरीर खंगले. त्या काळात त्यांस ऋषिकेशच्या स्वामी शिवानंदांचे शिष्य स्वामी सच्चिदानंद भेटले. गुरूंचे नाव धारण करणारी त्यांची ध्वनिमुद्रिका १९७१ मध्ये निघाली. तीत पतीने मागविलेल्या त्या वाद्याच्या जातीचाच हार्प तंबोऱ्याच्या साथीने वाजतो.

१९७५ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियात वेदांत केंद्र स्थापिले व पुढे संन्यासव्रत घेतले. १९७८ नंतर व्यावसायिक मैफलींकडे जवळजवळ पाठ फिरविली. लॉस एंजेलिसजवळच्या डोंगरांत १९८३ मध्ये आश्रम उभा राहिला. तेथे स्वामिनी ऑर्गनवर बसत आणि शिष्यमंडळी राम-कृष्णांची नामे गात. ठेका मात्र टाळ्यांचा, चढत जाणारा, थेट डेट्रॉइटच्या चर्चमधला!

टाळ-मृदंगास सरावलेल्या आमच्या कानांस हे भजन प्रथम परके वाटले, हे आम्ही लपवीत नाही. परंतु नाथांनीही भारुडासाठी वासुदेव आणि जोशी आपल्या भोवतालचेच घेतले होते. मातोश्रींचा सूर टाकून उसना सूर आणला असता, तर ती नक्कल झाली असती.

१९८२ मध्ये थोरला पुत्र अपघातात गेला. त्याच वर्षी त्यांच्या स्वतःच्या आवाजातील संस्कृत भजने प्रसिद्ध झाली. त्या ध्वनिफिती प्रामुख्याने आश्रमीयांपुरत्याच राहिल्या.

दि. १२ जानेवारी २००७ रोजी त्यांचे देहावसान झाले. नोव्हेंबर २०१८ च्या वणव्यात आश्रमाची वास्तूही भस्मसात झाली. भजने मात्र वाचली होती. २०२१ मध्ये पुत्र रवी यांनी त्यांतील केवळ आवाज व ऑर्गन असलेले मुद्रण प्रसिद्ध केले.