बाबासाहेब इतकं भराभर कसे वाचायचे?

वर्षावासात आपल्या विहारात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. आषाढी पौर्णिमेला सुरुवात करायची आणि अश्विन पौर्णिमेला समाप्ती. एका वर्षी पानं मागं राहिली, पौर्णिमा तोंडावर आली, आणि वाचणारा मी होतो. शेवटच्या आठ दिवसांत मी असा सुटलो की विचारू नका. ग्रंथ संपला, खीर वाटली. नंतर एका उपासिकाबाईंनी त्यातलाच एक प्रश्न विचारला आणि मला उत्तर आलं नाही. मीच वाचलेलं मलाच कळलं नव्हतं!

तेव्हापासून मनात घोळत होतं की परमपूज्य डॉ. बाबासाहेबांनी एवढे ग्रंथ एवढ्या कमी वेळात वाचले आणि ध्यानातही ठेवले, ते कसं? त्याच नजरेनं त्यांचं चरित्र पुन्हा वाचलं.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी लष्करी शाळेत मास्तर होते. त्यांनी भीमाला इंग्रजी शिकवलं ते पळवून नव्हे. तर्खडकरांच्या भाषांतराच्या पुस्तकांतला शब्दन् शब्द घोटून घेतला. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सगळा संसार. रामजीबाबा पहाटे दोनला मुलाला उठवत आणि तो दिव्याच्या उजेडात सकाळपर्यंत अभ्यास करी. पुस्तकाला पैसे नसले की ते लग्न झालेल्या लेकींकडे जात, प्रसंगी लेकीचा दागिना गहाण ठेवून पुस्तक आणत, आणि पेन्शन आली की दागिना सोडवून देत. आज आपण मुलांच्या पुस्तकाला नाही म्हणतो तेव्हा ह्या बहिणींची आठवण ठेवावी.

१९०७ साली मॅट्रिक पास झाले, गुण ७५० पैकी २८२. म्हणजे जन्मतःच वाचनाची जादू होती असं समजू नये. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेल्या या मुलाला कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी हेरलं होतं. त्यांनी मॅट्रिकच्या सत्कारात आपलं बुद्धचरित्र भेट दिलं.

१९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. मुदत तीनच वर्षांची. घड्याळ मागं लागलेलं. तेवढ्यात त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५ असे कितीतरी अभ्यासक्रम घेतले. पोटाला चिमटा घेऊन जुन्या बाजारातून सुमारे दोन हजार पुस्तकं जमवली. १९१७ साली परतताना ज्या बोटीनं पुस्तकं पाठवली ती महायुद्धात बुडाली. माणूस कोसळला असता.

१९२० ला पुन्हा लंडन. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दार उघडायला हजर, आणि बंद होताना सर्वांत शेवटी बाहेर. रात्री भूक लागली की चार पापड आणि कपभर दूध, की परत पुस्तक. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी. रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथही १९२३ चाच.

आता वेगाचं. हल्ली जलद वाचनाचे क्लास निघालेत, डोळे ओळीवरून पळवायला शिकवतात. आम्हा मिलवाल्यांना ठाऊक आहे, मागं पिंजणी नीट झाली नसेल आणि स्पिंडलचा वेग वाढवला, तर धागा तुटत राहतो. बाबासाहेबांची पिंजणी तर्खडकरांच्या पुस्तकांवर झाली होती. शब्द अडत नव्हता म्हणून डोळा अडत नव्हता. दुसरं असं की, ते प्रश्न घेऊन पुस्तकाकडे जात. जात कशी निर्माण झाली? रुपयाची किंमत कोण ठरवतं? ज्याला काय शोधायचं ते माहीत, त्याला कुठं पळायचं आणि कुठं थांबायचं ते कळतं. एका विषयावर पन्नास पुस्तकं वाचलेल्याला एकावन्नाव्यात नवी पानं थोडीच सापडतात. आणि हातात पेन्सिल. त्यांचे गुरू जॉन ड्युई यांच्या पुस्तकांच्या त्यांच्या प्रतींवर लाल-निळ्या पेन्सिलीच्या खुणा अजून पाहायला मिळतात. खूण करायची म्हटली की डोकं झोपत नाही.

पण हेच बाबासाहेब पालीपुढे हळू झाले, हे मला फार मोठं वाटतं. शाळेत त्यांना संस्कृत शिकू दिलं नाही, फारसी घ्यावी लागली. संस्कृत ते पुढे स्वतःच शिकले. पालीसाठी तर एकेका शब्दाचा अर्थ लिहीत त्यांनी कोश तयार केला. महाराष्ट्र शासनाने तो त्यांच्या लेखन-भाषणांच्या १६ व्या खंडात १९९८ साली छापला. जगाचं अर्थशास्त्र झपाट्यानं वाचणारा माणूस धम्माच्या शब्दापाशी थांबून बसला.

५ डिसेंबर १९५६ च्या रात्री, दिल्लीला २६ अलिपूर रोडवर, तब्येत खचलेली असताना त्यांनी नानकचंद रत्तूंकडून याच ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद मागून घेतले, पुन्हा नजरेखालून घालायला. ६ डिसेंबरच्या सकाळी त्यांचे महापरिनिर्वाण झाल्याचे कळले. ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला.

गेल्या वर्षावासापासून आम्ही रोज चारच पानं घेतो. अवघड शब्द पोरं अगोदर फळ्यावर लिहितात, अर्थ विचारून घेतात, मग वाचन. अश्विन पौर्णिमेला निम्माही ग्रंथ झाला नव्हता. खीर केलीच. आणि त्या उपासिकाबाई आता स्वतः वाचायला बसतात.